डाव्या चाकाची मोगरी

मोगरी माझ्या हातात होती आणि मी ती चाकाखाली घातली नाही. हात घसरला नाही, कुणी धक्का दिला नाही. मी ती धरून ठेवली, मुद्दाम. सत्तावीस वर्षांत हे कुणाला सांगितलेलं नाही. आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं राहिलं आणि ते गेले. बायकोला सांगितलं नाही, आणि ती तर तिथे हजर होती.

चैत्र आला की धुळ्याच्या देवपुरात सकाळी दहालाच वारा अंगावर धावून येतो. पांझरेच्या पुलावरून ऑफिसला जाताना खालच्या कोरड्या पात्रातली वाळू उडून डोळ्यांत घुसते. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला मोहोर येतो, हातगाडीवर कैऱ्यांचे ढीग लागतात, लोक म्हणतात काय सुंदर दिवस आहेत. मला या दिवसांत एकच वास येतो. उन्हात तापलेली हळद, आणि तिच्याखाली बैलगाडीच्या आसाचं काळं वंगण. वास आला की डावा गाल चुरचुरतो. अजून.

आमचं गाव तापीकाठी. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर लोक एका बाईला शोधत जातील, आणि तिला लोकांनी एकदा शोधलेलं पुरे झालं. गावाच्या टोकाला खंडेरावाचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं. किती जुनं ते कुणालाच धड सांगता येत नाही. दगडांच्या सांध्यांत चुना नाही, एकावर एक नुसते रचलेले, आणि तरी कितीएक पूर अंगावर घेऊन उभं. दारापुढे दीपमाळ. दीपमाळेपासून घाटाच्या पायऱ्या थेट नदीत उतरतात. तापी ही सूर्याची मुलगी असं आजी सांगायची आणि हात जोडायची. लहानपणी मला वाटायचं, म्हणूनच चैत्रात पाण्यात उतरलं तरी पाय भाजतात.

चैत्री पौर्णिमेला देवळापुढे बारागाड्या ओढतात. खानदेशात ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून भरायची, आणि पहिल्या गाडीचा दोर कमरेला बांधून एक माणूस धावतो. तो भगत. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे दंड धरून पळणारे दोघे, ते बगले. मागून गाव लोटतं. गावच्या पारापासून देवळापर्यंत उतार आहे, त्यामुळे गाड्या एकदा सुटल्या की ओढाव्या लागत नाहीत, थांबवाव्या लागतात. दीपमाळेपाशी पहिल्या गाडीच्या दोन्ही चाकांखाली एकाच वेळी बाभळीच्या जाड मोगऱ्या घालायच्या. मोगरी म्हणजे हातभर लांबीचा ओंडका, एका अंगाने उतरता तासलेला. उजवी मोगरी लोटन तात्यांकडे होती. डावीचा मान आमच्या घराचा. त्या वर्षी आप्पांची कंबर धरलेली, म्हणून ती माझ्याकडे आली. मी पंचविशीतला, धुळ्याला सरकारी ऑफिसात नुकताच लागलेला, इस्त्रीचा शर्ट घालून गावात आलेला.

भगताचं व्रत नऊ दिवसांचं. या नऊ दिवसांत तो देवळाच्या ओवरीत राहतो, घरी फिरकत नाही, बायकोचं तोंड पाहत नाही, तिच्या हातचं खात नाही. गाड्या सुखरूप पोचल्या तर व्रत खरं. कुणाला लागलं, कुणी पडलं, तर व्रत मोडलं. उताराचा दोष, दोराचा दोष, चाकाचा दोष असं काही आमच्याकडे नसतंच. दोष नेहमी एका माणसाच्या अंगात शोधतात.

तेव्हा भगत होते दौलत आबा. चाळिशी उलटलेली, हात असे की ऊस नुसता पिळून रस काढतील. पौर्णिमेच्या दुपारी ते उघड्या अंगाला हळद माखून पहिल्या गाडीपुढे उभे होते. दोर जमिनीवर पसरलेला. मी मोगरी घ्यायला पलीकडे चाललो होतो, आणि तो दोर ओलांडला. सरळ, बुटांसकट.

त्यांनी मला हाक मारली नाही. नुसता हात आला. कानात शिट्टी वाजली आणि मी जुवाला धडकलो.

"दोर वलांडस का रे? देवना दोर शे तो!"

आणि मग गर्दीतून कुणीतरी, "दखा रे दखा, सायेबले हयद लागनी!" माझ्या गालावर त्यांची पाच बोटं पिवळीधमक उमटली होती. दुसरा ओरडला, "नवरदेव तयार शे, आते नवरीले बलावा!" हसण्याचा असा काही स्फोट झाला की गाडीला बांधलेल्या घुंगरमाळा हलल्या असतील. कडुनिंबाखाली चाळीसगावकडचे पाहुणे बसले होते, मला पाहायला आलेले. मुलगी पदर तोंडात धरून हसत होती.

तीच माझी बायको. ती अजून ही गोष्ट सांगते, पाहुणे आले की हमखास. "आमच्या ह्यांना माझ्याआधी भगतानेच हळद लावली," म्हणते. लोक पोट धरून हसतात. ती गोष्ट तिथेच थांबवते, पुढचं सांगत नाही. पुढचं तिच्या मते वेगळं आहे, दुःखाचं आहे, त्याचा आणि चापटीचा काही संबंध नाही. मी चहाचे कप उचलून आत जातो.

मी दीपमाळेच्या डाव्या अंगाला जाऊन बसलो तेव्हा माझ्या डोक्यात खून नव्हता. हे मी स्वतःच्या सोयीसाठी सांगत नाही, कारण जे होतं ते फार बरं नव्हतं. मला एक माणूस तोंडावर पडलेला पाहायचा होता. मोगरी तीन श्वास उशिरा घालायची, गाडीचं जू मागून ढकलायला लागलं की आबा हळदीसकट धुळीत जातील, गाव हसेल, हिशेब संपेल. एवढीच माझी अक्कल. एक चाक अडलं आणि दुसरं मोकळं राहिलं तर बारा गाड्या काय करतात, याचा विचार मी केला नाही. आप्पांनी केला असता. त्यांनी सकाळीच खाटेवरून बजावलं होतं, "लोटनकडे बघ. त्याचा हात खाली, तुझा हात खाली."

डफ कडाडला. येळकोटाचा गजर झाला आणि पाराकडून धुळीची भिंत निघाली. चाळीस-पन्नास मणांचं लाकूड आणि शे-दोनशे माणसं उतारावरून येताना जमीन आधी सांगते. बसल्या जागी माझे दात एकमेकांवर आपटत होते. मग धुळीतून आबांची पिवळी छाती फुटून बाहेर आली. तोंड उघडं, डोळे पांढरे. त्यांचा उजवा दंड धरून हिरामण, त्यांच्या बायकोचा भाऊ, खांद्यावर निळा गमछा, चक्क हसत. चाकांच्या लोखंडी धावेखाली खडी फुटून ठिणग्या उडत होत्या. लोटन तात्यांचा हात खाली गेला.

मी श्वास मोजला. एक.

उजवं चाक अडलं. डावं सुटलेलं. गाडी आडवी फिरली, नांगी उगारल्यासारखी, आणि मागच्या अकरा तिच्यावर येऊन आदळल्या. भगताने शेवटी उजवीकडच्या ओट्यावर उडी घ्यायची रीत आहे. आबांनी उजवीकडे उडी घेतली, हिरामणनेही. गाडीही उजवीकडेच आली. हाड मोडल्याचा आवाज लाकडासारखाच येतो. पण त्यानंतरचा आवाज मऊ होता. तो मला लिहिता येत नाही.

दुसरा श्वास मी घेतलाच नाही.

धूळ बसली तेव्हा आबा ओट्याखाली पडलेले, गुडघा उलट्या बाजूला वळलेला. हिरामण चाकाच्या आणि ओट्याच्या मध्ये. चार जणांनी त्याला ओढून काढलं. त्याची बहीण, आबांची बायको, भुराअक्का, गर्दी फाडून आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती रडत नव्हती. पदराने त्याच्या नाकातली माती काढत होती, बारकाईने, लहान पोराची काढतात तशी.

आणि लोटन तात्या गाडीला वळसा घालून माझ्यापुढे उभे राहिले. माझ्या हातातल्या मोगरीकडे पाहिलं. मोगरी कोरी होती, तिच्यावर धावेचा ओरखडासुद्धा नव्हता.

"डावी मोगरी कोठे व्हती रे?"

शेजारची पाच-दहा तोंडं माझ्याकडे वळली. नोकरी लागल्यापासून मी अहिराणी बोलत नव्हतो. आईशीही शुद्ध बोलायचो. त्या क्षणी ती आपोआप तोंडात आली, स्वच्छ, मोठ्या आवाजात.

"व्रत मोडेल भगतले मोगरी काय करी?"

व्रत मोडलेल्या भगताला मोगरी काय करणार. पहिल्यांदा हे मी बोललो. गावाने नाही, एखाद्या म्हाताऱ्याने नाही. मी. मोगरी धरून ठेवली ही माझी चूक आहे असं एक वेळ म्हणता येईल. हे वाक्य चूक नव्हतं. ते मी नेम धरून मारलं होतं.

ते लागलंही. "व्रत मोडनं," एकजण म्हणाला. "व्रत मोडनं रे," पलीकडे दहा. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांना आग लावली की ती उभी न राहता जमिनीलगत सरपटत जाते, तसं ते वाक्य गर्दीच्या पायांतून गेलं. आणि बायकांतून एक आवाज आला, "परवा दुपारले भुरी भाकर लई गयथी देऊळमा. मी मन्हा डोयाघाई देखं." परवा दुपारी भुरी, म्हणजे भुराअक्का, देवळात भाकरी घेऊन गेली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढचं किती वेळ चाललं ते ठाऊक नाही. तिला भावाच्या अंगावरून उचललं तेव्हा हिरामणचं डोकं तिच्या मांडीवरून दगडावर पडलं. तो आवाज तिने ऐकला. ती तेव्हा किंचाळली, आधी नाही. केसांना धरून तिला घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नेलं. बायका पुढे होत्या, पुरुष मागून. चपला, मुठी, आणि मग कुणीतरी आबांच्या कमरेचा दोर सोडून आणला. तो ओला करून. पायऱ्यांवर बांगड्यांच्या हिरव्या काचा पडत गेल्या. नदीत तिला खाली दाबायचे, वर काढायचे, "कबूल कर!" म्हणायचे, परत दाबायचे. ज्या तापीला हात जोडून लोक उतरतात तिचा त्यांनी त्या दुपारी हत्यारासारखा उपयोग केला.

तिने कबूल केलं. कारण तेवढं खरं होतं.

"गयथी मी. त्यास्ना आंगमा ताप व्हता. भाकर ठेईसन उनू. हात बी लाया नही."

अंगात ताप होता, भाकरी ठेवून आले, हातसुद्धा लावला नाही. वर ओट्याखालून आबा ओरडत होते, "सोडा तिले! माले मारा!" तर त्यांनाही मारलं, मोडक्या पायावर.

मी कुठे होतो? दीपमाळेपाशी. मोगरी छातीशी धरून. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तिला हात लावला नाही. हे खरं आहे. मला गरज पडली नाही.

कागदोपत्री हिरामणचा मृत्यू अपघात ठरला. आप्पांनी मला काही विचारलं नाही, पण त्या दिवसानंतर जेवताना ते माझ्या शेजारी बसत नसत. लोटन तात्याही गप्प राहिले, का ते माहीत नाही. पावसाळ्यानंतर माझं लग्न झालं. दौलत आबांचा मान गेला, पाय तर गेलाच होता. कुबडीवर सात-आठ वर्षं काढली आणि वारले. भुराअक्काला देवळात बंदी असं कुणी ठरवलं नाही. ती पायरी चढायला लागली की बायका नुसत्या उठून उभ्या राहायच्या. तिने चढणं सोडलं.

दरवर्षी चैत्रात मला ऑफिसचं काम निघे. मार्चअखेर, ऑडिट, बदली, मुलाची परीक्षा. देवाला चुकवायला सरकारी नोकरीसारखं साधन नाही.

यंदा जत्रेच्या कमिटीचा फोन आला. "नाना, औंदा जुन्या मानकऱ्यांचा सत्कार ठेवलाय. मोगरीचा मान तुमचा. शाल-नारळ घ्यायला यायचंच." बायको खूश. म्हणाली, आधी एकदा दर्शनाला तरी जाऊन येऊ. पौर्णिमेला पाच दिवस होते. गेलो.

देवळाच्या काळ्या दगडाला खालून कमरेपर्यंत कुणीतरी ऑइलपेंट फासलाय, गुलाबी. बाकी तसंच. गुरवाने कपाळाला भंडारा लावायला हात पुढे केला आणि मी मान मागे घेतली, इतक्या जोरात की बायको म्हणाली, "अहो, काय हे!" ओट्याचा एक दगड नवा बसवलाय, रंगाने वेगळा. आम्ही प्रदक्षिणा घातली. पायाखाली फरशी तव्यासारखी. ती आत गुरवाशी अभिषेकाचं बोलत थांबली आणि मी घाटावर उतरलो.

खाली बंधारा झाल्यापासून तापी आता चैत्रातही भरलेली असते. खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्यात, तिला जिथे बुडवलं त्या सगळ्या. वर हिरवं, जाड, न हलणारं पाणी. त्याच्या काठाशी एक म्हातारी बादलीत लुगडं पिळत बसली होती.

"कोन शे?"

"मी, अक्का." आप्पांचं नाव सांगितलं.

तिने हाताचा आडोसा करून पाहिलं आणि चक्क हसली. "सायेब का? अरे, म्हतारा व्हयना तू! केस गयात, पोट उनं." केस गेले आणि पोट आलं. मीही हसलो. मला हसता आलं, याची नोंद इथे असू द्यावी.

तब्येत विचारली. बरी म्हणाली, फक्त या दिवसांत जरा चक्कर येते. का, तर चैत्रातले हे नऊ दिवस ती भाकरी खात नाही. गुळाचं पाणी, मूठभर शेंगदाणे. पहिल्या वर्षापासून. कुणी सांगितलेलं नाही, तिने स्वतःच स्वतःला घालून घेतलेलं.

मग तिने पिळलेलं लुगडं पायरीवर ठेवलं.

"एक इचारू का रे? तू तठे व्हता. गाडीना जोडे व्हता, चाकजोडे. माले खरं सांग. मन्ही भाकरमुये मरना का रे हिरामण?"

तू तिथे चाकाजवळ होतास, खरं सांग, माझ्या भाकरीमुळे मेला का हिरामण. ती रागाने विचारत नव्हती. दुखणं किती दिवसांचं आहे हे डॉक्टरला विचारावं तसं, सरळ, उत्तराची वाट बघत. माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसलेली. आसपास कुणी नव्हतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. कारण सांगायचंसुद्धा नव्हतं, नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी ती त्या दिवशी जेवली असती.

सत्तावीस वर्षं मी समजत होतो की तिला आपण निर्दोष आहोत हे तरी माहीत असेल. गावाने मारलं, पण आतून ती स्वच्छ असेल. तेवढं एक तिच्याजवळ शिल्लक असेल, असं धरून मी जगत होतो. तेही मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. ती स्वतःला भावाची मारेकरीण समजत आलीय, आणि दर चैत्रात स्वतःला तसं वागवत आलीय.

वरून बायकोची हाक आली, "अहो, चला, नारळ फोडायचाय."

मी म्हणालो, "देवाची मर्जी, अक्का."

तिने मान हलवली. "हा. देवनी मर्जी." आणि पुन्हा लुगडं उचललं, पुन्हा पिळलं. त्यात पाणी राहिलं नव्हतं.

पौर्णिमेला मी गेलो नाही. ब्लडप्रेशरचं कारण सांगितलं. कमिटीने शाल कुणाच्या तरी हाती धाडली. ती पिशवीतून काढलेली नाही. गाड्या यंदा सुखरूप पोचल्या असं कळलं. फोनवर सांगणारा म्हणाला, "भगतचं व्रत कडक होतं, नाना." मी म्हटलं, "हो."

भुराअक्काला वाचता येत नाही. म्हणून हे लिहिण्याने माझं काहीच फिटलेलं नाही. मला तिच्यासमोर बसून, तोंडाने, तिच्या बोलीत सांगायचं आहे की गाड्या तिच्या भाकरीमुळे वळल्या नाहीत, मी मोगरी घातली नाही म्हणून वळल्या. आणि व्रत मोडलं असं पहिल्यांदा मीच ओरडलो. मग हेच, तिच्यादेखत, सगळ्या गावाला सांगायचं आहे. ती सत्तरीच्या पुढे आहे. हे दोन्ही मी अजून केलेलं नाही.